सतरा नंबरचा वास

संपादकांचा फोन आला. "मॅडम, तुमचं अख्खं आयुष्य सुगंधात गेलं. दिवाळी अंकासाठी काहीतरी छान, दरवळणारं लिहा." मी हो म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या सानपाड्याच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका माणसावर ओरडले. त्यामुळे दरवळणारं काही जमेल असं वाटत नाही. रागानं लिहिलेलं चालत असेल तर छापा.

झालं असं. लिफ्ट अकराव्या मजल्यावर थांबली, आधी वास आत आला आणि मग माणूस. तीस-बत्तीसचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात पाइप. विझत आलेला, पण धुराची रेघ निघत होती. आत उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "किती मस्त वास येतोय, केकसारखा." गडी खूश झाला. मला म्हणाला, "आंटी, ॲरोमॅटिक आहे. वाइन फ्लेवर. हे सिगरेटसारखं नसतं. माझी बायको तर म्हणते घरातच ओढ, रूम फ्रेशनर लागत नाही."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. विझव म्हटलं, लाज नाही वाटत का म्हटलं, आणि शेवटी म्हटलं, "ह्यात वाइनचा एक थेंबही नाहीये. मला माहितीये, कारण हा वास मी बनवलाय." लिफ्ट खाली पोचली तेव्हा तो माझ्याकडे भ्रमिष्ट म्हातारीकडे बघावं तसा बघत होता. बिचाऱ्याची चूक नाही. तंबाखूला वास लावणारी बाई आपल्याच बिल्डिंगमध्ये राहते हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

पण मी ती बाई आहे. मूळची सांगलीची, केमिस्ट्री शिकलेली. तुर्भ्याच्या पलीकडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका एसेन्सच्या कंपनीत माझी सगळी नोकरी गेली. सुरुवातीला बिस्किटं, सरबतं, पोटदुखीची औषधं असल्या गोष्टींना वास आणि चव लावायची. बाळाच्या तापाच्या औषधाला येणारा संत्र्याचा वास माझ्यासारख्या कोणीतरी केलेला असतो, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. मग मालकांना पाइपच्या तंबाखूच्या धंद्याचा नाद लागला. मागच्या शेडमध्ये पानं येऊ लागली. बाहेरच्या पाटीवर शेवटपर्यंत एसेन्सच राहिलं.

हा धंदा बाहेरच्यांना ठाऊक नसतो म्हणून सांगते. पाइपचा तंबाखू म्हणजे नुसतं पान चिरलेलं नव्हे. पान आधी गोड पाण्यात मुरवतात, त्याला आम्ही पाक म्हणायचो. मग ते दाबून ठेवायचं, चिरायचं, सुकवायचं आणि शेवटी वरून वास फवारायचा. चेरी, चॉकलेट, व्हॅनिला, आणि सगळ्यात भाव खाणारी वाइन. वाइनच्या तंबाखूत वाइन घालत नाहीत. मी पहिल्यांदा घालून पाहिली होती, नाशिकची, चांगल्यातली. जळल्यावर खोलीभर शिळ्या लोणच्याचा वास सुटला. वाइनचा वास यायला हवा असेल तर बेदाण्याचा अर्क लागतो, ओकच्या लाकडाचा लागतो, किंचित आंबूस काहीतरी लागतं आणि व्हॅनिला लागतो. खोट्याचा वास खऱ्यापेक्षा खरा येतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकले.

दुसरी गोष्ट मला एका गिऱ्हाइकानं शिकवली. नेरुळचे एक निवृत्त कॅप्टन होते, जहाजावरचे. ते थेट फॅक्टरीच्या गेटवर आले आणि मालकांना म्हणाले, "तुमच्या पाकिटावर एवढी द्राक्षं छापलीत, पण मला तर वास येतच नाही. तीस वर्षं ओढतोय, मला काय शिकवता?" मालकांनी त्यांना माझ्याकडे धाडलं. मी त्यांना चहा दिला आणि समजावलं की कॅप्टनसाहेब, ओढणाऱ्याला हा वास फार येतच नाही. त्याचं नाक पहिल्या पाच मिनिटांत मरतं. वास येतो तो शेजारी बसलेल्याला. ते हसले. "म्हणजे मी माझ्या बायकोसाठी पैसे भरतोय होय!"

तेव्हा मीही हसले होते. आज तेच वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. कारण धंद्याचं मर्म तेच होतं. सुगंधी तंबाखू ओढणाऱ्यासाठी बनवत नाहीत, तो घरातल्यांसाठी बनवतात. बायकोनं बाल्कनीत हाकलू नये, पाहुण्यांनी नाक मुरडू नये, पोरानं जवळ येऊन बसावं म्हणून. धूर तोच असतो. मी फक्त घरच्यांची तक्रार बंद करायचं काम करत होते, आणि ते मी फार चांगलं केलं.

आता काशिनाथबद्दल.

वास कसा झालाय हे बघायला आमच्याकडे एक खोली होती. आठ बाय सहाची, पांढऱ्या भिंतींची, खिडकी नसलेली. आत एक खुर्ची. तिथे एक माणूस बसून पाइप ओढायचा. दर दहा मिनिटांनी पॅकिंगमधल्या तीन बायका एकेक करून आत यायच्या. आत येण्याआधी अंगणात उभं राहून स्वतःच्या ओढणीचा नाहीतर पदराचा वास घ्यायचा, म्हणजे नाक कोरं होतं. मग आत पाऊल टाकायचं, एक श्वास घ्यायचा, बाहेर येऊन सांगायचं: चांगला, बरा, वाईट. त्या तिघींत रेहाना होती, पनवेलच्या पुढच्या खाडीकाठची. माझ्याखालोखाल तिचं नाक.

खोलीत बसणारा माणूस काशिनाथ. जुईनगरच्या मागच्या खाडीकाठच्या गावातला, आगरी. पट्ट्यासाठी जमीन गेली त्या घरातला म्हणून गावानं भांडून त्याला आमच्या कंपनीत लावलं होतं. त्याला खोलीसाठी मी निवडलं. पाइप ओढायला घाई चालत नाही; जोरात ओढला की पान करपतं आणि वास बिघडतो. श्वास लांब आणि सारखा लागतो. काशिनाथ लहानपणापासून खाडीत बुडी मारून कालवं काढायचा. मी त्याला विचारलं, "किती वेळ पाण्याखाली राहतोस?" तो म्हणाला, "मोजला नाय कवा." त्यानं आयुष्यात विडी ओढली नव्हती. फुप्फुसं बघून माणूस निवडला मी, आणि मग त्याच फुप्फुसांना दिवसाला पाच पाइप लावले. नऊ वर्षं.

पाइपचा धूर आत घेत नाहीत, तोंडातच फिरवून सोडतात, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. काशिनाथलाही सांगितलं. बंद खोलीत मग तो श्वास कुठून घेत होता, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

चाचणीच्या रजिस्टरमध्ये तंबाखूचा नंबर असायचा, वेळ असायची, बायकांची मतं असायची. ओढणाऱ्याच्या रकान्यात 'खोली' एवढंच लिहायचं, अशी पद्धत होती. नाव लिहिलं की मत झुकतं, असं कारण. खरं कारण असं की कागदावर काशिनाथ हेल्पर होता, आणि हेल्परनं पोती उचलायची असतात. नऊ वर्षांच्या रजिस्टरांत तो माणूस एकदाही सापडणार नाही. रकान्यात 'खोली' लिहिणारा हात माझाच.

चेरी आणि चॉकलेटची वर्षं बरी गेली. तो सांगायचा, पोरं त्याच्या शर्टाला नाक लावतात, म्हणतात, बाबा खाऊ आणला काय. मग आला सतरा नंबर. तीच ती वाइन. वास झकास होता, पण गिऱ्हाइकांची तक्रार आली की लवकर उडतो. मी महिनाभर खपले आणि त्याला धरून ठेवणारं एक द्रव्य शोधलं. वास सुती कापडात चार धुण्यांपर्यंत टिकायला लागला, पडद्यात महिनाभर. मालकांनी सगळ्यांसमोर मला शाल दिली. रेहानानं टाळ्या वाजवल्या. काशिनाथनंही वाजवल्या.

तीन-चार आठवड्यांनी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"म्याडम, मना एक चिठ्ठी पायजे. कंपनीच्या कागदावर."

"कसली चिठ्ठी?"

"बायको म्हनते, तू पिऊन येतस. गावान पन बोलतान. मी सांगतो कंपनीन तंबाखूला दारूचा वास लावतान, तर हासतान मना. म्हनतान, काशिनाथला चांगली नोकरी लागली, फुकटची पितो."

त्याचा बाप जमिनीचा मोबदला पिऊन मेला होता. सगळा. काशिनाथनं पंधराव्या वर्षी गावदेवीपुढे नारळ ठेवून शपथ घेतली होती, आणि कधी थेंबाला शिवला नव्हता. हे मला तेव्हा कळलं, कारण तोपर्यंत मी त्याला कधी काही विचारलंच नव्हतं.

"काय लिहू?" मी म्हटलं.

"कायबी लिवा. ह्यो वास कंपनीचा हाय, येवरा लिवा."

मी मालकांकडे गेले. माणूस वाईट नव्हता असं लिहायची पद्धत आहे, पण मी लिहिणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, असं लेटर दिलं की उद्या कोणीतरी विचारणार, हा हेल्पर खोलीत बसून करतो काय. मग इन्स्पेक्शन, मग लफडं. टेन्शन नका घेऊ. त्याला सांगा, निघताना आंघोळ करून जा. साबण मी देतो."

आणि साबण दिला. एक नाही, पेटी दिली. काशिनाथ रोज नळावर आंघोळ करून जायचा. पण माझं द्रव्य साबणाला बधत नव्हतं. केसांत राहायचं, नखांत राहायचं. चांगलं काम केलं होतं मी.

आता जे सांगणार आहे ते गेल्या वर्षापर्यंत मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात आखातातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं. त्यांच्याकडे मद्य चालत नाही. तुमच्या वाइनच्या तंबाखूत मद्याचा अंश नाही असं लिहून द्या, तरच माल उचलू. मालकांनी तासाभरात कंपनीच्या कागदावर टाइप करून आणलं: सदर तंबाखूस येणारा वास हा केवळ सुगंधी द्रव्यांचा असून त्यात मद्य नाही. खाली सही माझी. काशिनाथला हवी होती ती चिठ्ठी शब्दन् शब्द तीच होती. तिची एक प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ती काढून त्याच्या हातात द्यायला एक मिनिट लागलं असतं. मला सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. मालकांना कळलं तर काय, हेही लगेच सुचलं, आणि मी ड्रॉवर लावला.

काशिनाथच्या मुलीला बघायला उरणकडची माणसं आली तो दिवस कामाचा होता. काशिनाथ अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन खोलीतून थेट घरी गेला. मुलाच्या मामानं त्याला दारातच नमस्कार केला, वास घेतला, आणि चहा न पिता माणसं उठली. भरदुपारी झिंगून सोयऱ्यांपुढे आला, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली.

म्हणून त्यानं एक धाडस केलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी गेटवर त्याच्या जेवणाच्या डब्यात मूठभर तंबाखू सापडला. फॅक्टरीतून चाचणीचा माल बाहेर न्यायला सक्त बंदी, आणि फॉर्म्युल्याबद्दल बाहेर बोलायचं नाही असं आम्हा सगळ्यांकडून लिहून घेतलेलं. सुपरवायझरनं मला गेटवर बोलावलं. डब्याचा वरचा कप्पा माझ्यापुढे धरला. "मॅडम, हा आपलाच माल आहे का?"

मी वाकून वास घेतला. खरं तर घ्यायचीही गरज नव्हती. आणि मी म्हटलं, "सतरा नंबर. मंगळवारची बॅच. हिच्यात पाक जरा कमी बसला होता."

सिक्युरिटीवाले थक्क झाले. एक जण म्हणाला, "मानलं मॅडम, काय नाक आहे." आणि मला बरं वाटलं. तो क्षण मला स्वच्छ आठवतो. एका माणसाला चोर ठरवत होते आणि बॅच बरोबर ओळखली म्हणून मला बरं वाटत होतं.

काशिनाथ माझ्याकडे बघत होता. सावकाश म्हणाला, "म्याडम, बायकोला दाखवाला नेत होतो. तिच्या नाकाखाली धरला असता, बास."

ते मी ऐकलं. सुपरवायझरनं माझ्यापुढे कागद सरकवला, 'मालाची ओळख पटली' या ओळीखाली मी सही केली आणि घरी आले. काशिनाथला चोरीचा मेमो मिळाला, आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं, पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल असं बजावलं. गावाला त्यातून एवढंच कळलं की कंपनीतही काहीतरी भानगड केली. परत आला आणि पुन्हा खोलीत जाऊन बसला. मला येता-जाता नमस्कार करायचा. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

मुलीचं लग्न पुढे दुसरीकडे जमलं. रेहाना हळदीला गेली होती. तिनं येऊन सांगितलं, "मॅडम, अख्खा मांडव नाचत होता, ज्यांना प्यायची ते पीत होते. आणि जो पीत नाही त्याला बायकोनं मागच्या दाराशी बसवला होता, सोयऱ्यांना वास जाऊ नये म्हणून. मी बोलायला गेली तिच्याशी. म्हणाली, तू पण त्याच कंपनीतली, तू तेच बोलणार." रेहाना हे सांगताना रडली. मी म्हटलं, "चल, चाचणीची वेळ झाली."

पुढे त्याचा आवाज बसला. आधी घसा साफ करून बोलायचा, मग घोगरा, मग अगदीच कुजबुजल्यासारखा. मालकांनी त्याला द्रोणागिरीच्या गोदामावर बदललं आणि खोलीत दुसरा माणूस बसवला. त्याचं नाव मी विचारलं नाही, रकान्यात लागतच नव्हतं. मी निवृत्त झाले तेव्हा मला चांदीची अत्तरदाणी मिळाली. ती मी अजून खोक्यातून काढलेली नाही.

गेल्या वर्षी रेहानाचा फोन आला. "मॅडम, काशिनाथदादाचं ऑपरेशन झालं. कंठ काढला. गळ्याला भोक हाय, तिथून श्वास घेतो. बोलता येत नाही." मग म्हणाली, "हॉस्पिटलच्या केसपेपरवर दारूची सवय लिहिलंय. डॉक्टरनी विचारलं, तेव्हा बायकोनंच सांगितलं, रोज पितात म्हणून. त्याला बोलताच येईना, काय करणार?"

फोन ठेवला आणि घरात सैरभैर फिरले. मालकांवर चिडले, डॉक्टरवर चिडले, त्या बायकोवरही चिडले. फिरून फिरून राग ड्रॉवरपाशीच येत होता. लिहून द्यायचं तर आता कोणाला? कागदावर त्या घराचा विश्वास आता उरला नसणार, आणि त्या बाईला वाचताही येत नाही हे रेहानाकडून कळलं होतं. शेवटी अकराव्या मजल्यावर गेले. होय, लिफ्टमधला तोच. तेव्हा आमची ओळखही नव्हती. फक्त त्याच्या दारातून सतरा नंबरचा वास जिन्यात उतरतो हे मला कधीचं माहीत होतं. मी म्हटलं, "मला तुझा पाइप आणि तंबाखूचं पाकीट एका दिवसासाठी दे." मी कोण, कशाला हवंय, काही न विचारता त्यानं दिलं. त्यामुळे लिफ्टमध्ये मी त्याच्यावर ओरडले ही कृतघ्नताच झाली, पण ओरडायचं ते ओरडलेच.

मी जुईनगरच्या मागे काशिनाथच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. गळ्याभोवती पांढरा रुमाल, हातात शाळेची वही आणि पेन. मला पाहून उठायला लागला. बेबीबाई, त्याची बायको, दारात आली. मी कंपनीतली म्हटल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"कशाला आलाव?"

"तुम्हाला एक वास द्यायचा आहे," मी म्हटलं. "तुमची बाहेरची खोली मला अर्धा तास द्या. तुम्ही दोघं बाहेर थांबा. मी बोलावल्यावर तुम्ही एकट्या आत या."

काशिनाथनं पिशवीतला पाइप पाहिला आणि त्याला सगळं कळलं. हात पुढे करून त्यानं पाइप घेतला, चिमटीनं तंबाखू भरला, अंगठ्यानं हलका दाबला. भरलेला पाइप त्यानं माझ्या हातात दिला. मला त्यानं ओट्यावरून आत ढकलल्यासारखं केलं, आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

सगळ्या नोकरीत मी पाइप एकदाही तोंडाला लावला नव्हता. पहिल्या दोन झुरक्यांत डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला ठसका लागला, घसा आतून सोलल्यासारखा झाला. खिडकी लावलेली. पाचव्या मिनिटाला माझं नाक मेलं. दहाव्या मिनिटाला मी हाक मारली.

दाराच्या फटीतून दिसत होतं. बेबीबाई आत यायला निघाली तसा काशिनाथनं तिचा हात धरला आणि तिच्या पदराकडे बोट दाखवलं. तिला कळेना. त्यानं स्वतः तिच्या पदराचं टोक उचलून तिच्या नाकाला लावलं, मान हलवली, आणि मग तिला सोडलं.

ती आत आली. एक श्वास घेतला आणि भिंतीला टेकली.

"ह्यो त यांचा वास हाय."

मी पाइप दाखवला, पाकीट दाखवलं. सगळं सांगितलं: खोली, पाच पाइप, साबण, आखातातली चिठ्ठी, डबा. एकही गोष्ट वगळली नाही.

"मी त्यांना हलदीला मांगल्या दारान बसवला," ती म्हणाली. "पोरीच्या हलदीला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डबा पकडला तवा तुमी गेटवर होताव. मंग का नाय बोललाव?"

"नोकरी होती," मी म्हटलं.

"त्यांना पन नोकरीच होती," ती म्हणाली.

मी खिडकी उघडायला उठले. तिनं विचारलं, "ह्यो वास किती दिस ऱ्हातो?"

त्याचं उत्तर माझ्याइतकं अचूक कोणी देऊ शकलं नसतं. "पडद्यात महिनाभर. कपड्यात चार धुण्यांपर्यंत."

"मंग ऱ्हाऊ दे. खिरकी उघरू नका. इजवू पन नका. मी बायांना बोलावून आनतंव."

आणि ती गेली. शेजारणी आल्या, जावा आल्या, सोयरीक मोडल्याची बातमी ज्यांनी घरोघर पोचवली होती त्याही आल्या. ओट्यावर काशिनाथ प्रत्येकीला पदराचा वास घ्यायला लावत होता. एकेक बाई आत यायची, श्वास घ्यायची, माझ्याकडे आणि पाइपकडे बघायची. कोणी म्हणालं, "अगो बाय." एक म्हातारी दोनदा श्वास घेऊन म्हणाली, "म्हंजे काशिनाथ पीत नव्हता?" बेबीबाई दारातून म्हणाली, "नव्हता." ते तिनं त्या दुपारी किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. दर वेळी आवाज थोडा मोठा होत गेला.

पाइप विझला की मी पुन्हा भरत होते. तिसरा झाला, चौथा भरला. डोकं गरगरत होतं, खोकला थांबत नव्हता, पण उठायचं नाही असं ठरवलं होतं. त्याचे दिवसाला पाच असायचे.

चौथा अर्धा झाला असेल. दार उघडलं आणि काशिनाथ स्वतः उंबऱ्यावर आला. ज्याला धूर वर्ज्य त्या माणसानं गळ्यावर रुमाल दाबून धरला होता. त्याला आता कसलाच वास येत नाही. श्वास नाकातून जातच नाही. त्यानं वही माझ्यासमोर धरली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'बास म्याडम. भाहेर या.'

मग तो बेबीबाईकडे वळला, खिडकीकडे बोट दाखवलं, आणि तिनं ती उघडली. नऊ वर्षं मी कंपनीतल्या त्या खोलीच्या दाराबाहेर हातात घड्याळ घेऊन उभी होते, आणि आत बसलेल्या माणसाला 'बाहेर ये' हे दोन शब्द मी एकदाही म्हटले नव्हते.